पाच वेळा माहीत नाही

कामाचा नियम एकच होता आणि तो सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दिला होता. विचारायचं, टिपायचं, निघायचं. शिकवायचं नाही.

पाहणी पैशाची होती. कुणाकडे किती पैसा आहे याची नव्हे, ते कुणी खरं सांगतही नाही. पैशातलं कुणाला किती कळतं, बाईला किती आणि पुरुषाला किती, हे कुठल्याशा संस्थेला जाणून घ्यायचं होतं. प्रश्न पाच. नवऱ्याला पाच आणि बायकोला तेच पाच. सहा महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जायचं. पैसे फॉर्ममागे मिळत, त्यामुळे लिफ्ट बंद असलेल्या इमारतीतसुद्धा पायांत बळ यायचं.

हे काम करणाऱ्या बाईला जिन्याजिन्यांवर सगळे पाहणीवालीच म्हणत, आपणही तेच म्हणू. वय चौतीस. आधी दहा वर्षं झेरॉक्सच्या दुकानात मशीनपाशी उभी राहिलेली. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा. प्रशिक्षणाला बसली त्या दिवशी सगळ्यांना आधी स्वतःचा फॉर्म भरायला लावला होता. तिची पाचातली एक बरोबर आली, बाकी चारांना तिनं ‘माहीत नाही’वर बोट ठेवलं होतं. मग शिकवणाऱ्या सरांनी एकेक प्रश्न फळ्यावर सोडवून दाखवला, आणि दुपारच्या चहापर्यंत तिला सगळं समजलं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाला राग. इतकं सोपं होतं तर चौतीस वर्षांत कुणी सांगितलं का नाही, या विचारानं तिला चहा गोड लागला नाही.

सिस्टरच्या घरी ती पोचली ती कामाच्या तिसऱ्या आठवड्यात. दोन खोल्या, चौथा मजला, दाराशी चपलांचे दोन जोड अगदी रेघेत लावलेले. सिस्टर महिन्यापूर्वीच सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली होती. बत्तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली, त्यातली शेवटची अकरा वॉर्डाची मुख्य म्हणून. नवरा बस डेपोत टाइमकीपर होता, तोही चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. बस वेळेवर सुटली की नाही हे आयुष्यभर लिहिलेला माणूस. घरातल्या घड्याळाला किल्ली द्यायलाही त्याची वेळ ठरलेली.

“या, बसा,” टाइमकीपर म्हणाले. “पैशाबद्दल ना? मग माझ्याशीच बोला. आमच्यात ते खातं माझ्याकडे.”

“काका, दोघांनाही विचारायचंय. आणि शक्य असेल तर वेगवेगळं.”

“वेगवेगळं म्हणजे? एकाला स्वयंपाकघरात कोंडू की काय?” ते हसले. दोन खोल्यांच्या घरात वेगवेगळं कुठे बसवणार, हे पाहणीवालीलाही माहीत होतं. फॉर्ममध्येच लिहिलं होतं, ‘शक्य असल्यास’. तिनं टॅबलेट उघडला.

पहिला प्रश्न असा, की शंभर ठेवले, वर्षाला दहा टक्के व्याज, मधे काही काढलं नाही, तर दोन वर्षांनी एकशेवीस होतील, त्याहून जास्त, की कमी?

“एकशेवीस. दहा आणि दहा वीस.” प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं.

दुसरा महागाईचा. व्याज सहा टक्के आणि महागाई आठ, तर वर्षानं त्याच पैशांत जास्त वस्तू येतील की कमी?

“जास्त. पैसे वाढले ना.”

तिसरा, सगळे पैसे एका ठिकाणी ठेवणं सुरक्षित की वेगवेगळ्या ठिकाणी?

“एकाच, पण चांगल्या ठिकाणी. दहा ठिकाणी ठेवून दहा जणांच्या दारात कोण जोडे झिजवणार?”

चौथा, जिथे फायदा फार मोठा सांगतात तिथे धोकाही सहसा मोठा असतो, हे बरोबर की चूक?

“चूक. माणसं कोण आहेत त्यावर असतं ते.”

पाचव्या प्रश्नाचं, कर्जाच्या मुदतीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी बरोबर दिलं. पाचातलं एक. पाहणीवालीनं चेहरा कोरा ठेवून टिपून घेतलं. तेही प्रशिक्षणात शिकवलेलं. तिनं पाहिलं होतं, चुकणारे पुरुष कधी अडखळत नसत. उंटावर बसून शेळ्या हाकायला मिळाल्या की आवाज आपोआप भरदार होतो.

मग सिस्टर. खुर्चीच्या कडेवर बसली होती, हात मांडीवर, नखं अगदी कापलेली. टाइमकीपर शेजारीच.

पहिला प्रश्न ऐकून तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, “माहीत नाही.”

दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला तेच. पाचव्याला टाइमकीपर म्हणाले, “अगं, काहीतरी सांग. चुकलं तर चुकलं, फाशी नाही देत.” सिस्टर म्हणाली, “माहीत नाही, लिहा.”

“हिला इंजेक्शनचं विचारा,” टाइमकीपर मायेनंच म्हणाले. “त्यात हिचा हात कुणी धरणार नाही. पैसा म्हटलं की मात्र कोरी पाटी. थांबा, तुम्हाला एक दाखवतो. तुम्ही या क्षेत्रातल्या ना?” आणि ते आतल्या खोलीत काहीतरी आणायला गेले.

कपाट उघडल्याचा आवाज आला. सिस्टरनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुसता पुसताच, कुणाशी बोलतेय हे कळू न देता म्हणाली, “एकशेएकवीस. दुसऱ्या वर्षी व्याजावरही व्याज.”

पाहणीवालीचं बोट टॅबलेटवरच होतं. “बदलू का?” तिनं हळूच विचारलं. “अजून पाठवलेलं नाही.”

सिस्टरनं मान हलवली. “असू दे.”

टाइमकीपर बाहेर आले ते एक चकचकीत पुस्तिका घेऊन. मुखपृष्ठावर हसरं जोडपं, मागे बंगला. गुंतवणूक योजना. महिन्याला तीन टक्के, पहिल्या तारखेला थेट खात्यात. डेपोतला त्यांचा जुना सोबती, तिकीट तपासणारा चेकर, आता या कंपनीचं काम बघत होता. “हिच्या निवृत्तीचे सतरा लाख आलेत,” ते म्हणाले. “येत्या गुरुवारी टाकतोय. महिन्याला घरबसल्या एकावन्न हजार. काय म्हणता?”

पाहणीवालीच्या अगदी ओठांवर शब्द आला होता. तीन टक्के महिन्याला म्हणजे वर्षाला छत्तीस. बँक सात देते. ती पुस्तिका बघत राहिली.

“आम्हाला मत द्यायची परवानगी नसते, काका,” ती म्हणाली.

“बरोबर आहे. नियम म्हणजे नियम,” टाइमकीपर खूश होऊन म्हणाले. नियम पाळणारा माणूस त्यांना आवडत असे.

ऑफिस टायरच्या दुकानावर होतं, दोन खोल्या, रबराचा वास जिन्यापर्यंत. संध्याकाळी तिनं सुपरवायझरला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं पेन खाली ठेवून ऐकलं आणि म्हणाला, “हे बघ, आपण फोटो काढणारे. समोरच्याचा भांग वाकडा असला तर वाकडा येऊ द्यायचा. आपणच भांग पाडून दिला तर फोटो कशाचा? एका घराला शिकवलंस की दुसऱ्या फेरीचा आकडा नासतो.”

“आकडा नासेल, सर, पण बत्तीस वर्षांची कमाई वाचेल.”

“अशी घरं या यादीत किती असतील? अठराशे घरं आहेत. सगळीकडे जाशील?”

तिनं बॅग उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोन लावून पाहिला. फॉर्मवर सिस्टरच्या नावापुढे नंबर होता, तो लावला, तर पलीकडून टाइमकीपरांचा आवाज आला. दोघांच्या फॉर्मवर एकच नंबर होता. दोघांचाही त्यांचाच. भरताना ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं. “एक स्पेलिंग विचारायचं होतं,” असं काहीतरी बोलून तिनं फोन ठेवला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं झालं.

मग ती स्वतःच गेली. मंगळवार होता, दुपारचे बारा. टाइमकीपर जेवून बरोबर साडेबाराला आडवे होतात, हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण घरापर्यंत जायची गरज पडली नाही. चौथ्या मजल्यावरून गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात सिस्टर तिला दिसली, हातात ओल्या कपड्यांची बादली. पाहणीवालीनं काही न बोलता बादलीची दुसरी बाजू धरली.

गच्चीवर दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि ऊन अंगाला बोचत होतं. सिस्टर एकेक कपडा झटकून वाळत घालू लागली. पाहणीवालीनं सगळं एका दमात सांगून टाकलं. छत्तीस टक्के कुठूनच येऊ शकत नाहीत, नव्या माणसांच्या पैशातून जुन्यांना व्याज देतात, एक दिवस नवी माणसं संपतात. बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. नियम मोडला होता, पण मोडून झाला होता.

सिस्टरनं चिमटा लावला. “बाळा, ती पुस्तिका मी तीनदा वाचली आहे,” ती म्हणाली. “शेवटच्या पानावर अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय, की परतफेडीची हमी नाही. मी विचार केला, ही कंपनी एवढं व्याज द्यायला विकते तरी काय? पुस्तिकेत काहीच विकत नाहीत. नुसते हसतात.”

पाहणीवालीनं बादलीतला पुढचा कपडा काढून तिच्या हातात दिला.

“मुलांचा वॉर्ड होता माझा,” सिस्टर म्हणाली. “बाळ सहा किलोचं, किलोमागे पंधरा मिलिग्रॅम, बाटलीत पाच मिलीला एकशेवीस. पावणेचार मिली. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. टक्केवारी काय निराळी असते?”

“मग त्या दिवशी माहीत नाही का म्हणालात?”

सिस्टरनं बादलीतून नवऱ्याचा सदरा काढला आणि पिळत राहिली, तो आधीच पिळलेला होता तरी.

“नऊ वर्षांपूर्वी यांनी एक भूखंड बघितला होता,” ती म्हणाली. “दीर घरी आले होते, कागद पसरलेले. मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, अहो, विकणारे दोन भाऊ आहेत ना, मग सही एकाचीच कशी? झालं. दिरांनी व्यवहार मोडायला लावला. पुढे त्या जागेवर कोर्टात भांडण लागलं, म्हणजे मी म्हटलं ते खरंच होतं. आणि हे माझ्याशी सात महिने बोलले नाहीत. एका टेबलावर जेवायचो. मीठ हवं असलं तर उठून स्वतः घ्यायचे. कपडे कुठे आहेत हे भिंतीला विचारायचे. सात महिने.” तिनं सदरा झटकला. “मी खोटी ठरले असते ना, तर दोन दिवसांत मिटलं असतं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पींपीं आवाज बराच वेळ येत राहिला.

“माझा पगार त्यांच्याहून मोठा होता. पहिल्यापासून,” सिस्टर पुढे म्हणाली. “म्हणून पैशाचा कारभार त्यांचा. असं कुणी ठरवलं नाही, पण ते तसं आहे. त्या एका खिळ्यावर आमचं घर टांगलंय. तो खिळा मी कसा काढू?”

“निदान अर्धेच टाका म्हणावं.”

“म्हटलं. म्हणाले, म्हणजे माझ्यावर अर्धाच विश्वास.”

“भीती वाटते म्हणा.”

“तेही काल म्हटलं.” सिस्टर थांबली. सांगावं की नाही असा क्षणभर तिच्या चेहऱ्यावर विचार दिसला. “तर म्हणाले, परवा त्या मुलीसमोर पाच वेळा माहीत नाही म्हणालीस. सरकारी कागदावर आलंय ते. आणि आता मला शिकवतेस?”

पाहणीवालीनं हातातला चिमटा दोरीवर ठेवला. तिनं टिपलेला फॉर्म. तिच्याच बोटानं पाच वेळा दाबलेली खूण. ती सरकारी नाही, नुसत्या कुठल्या संस्थेची आहे, आणि तिचा असा उपयोग करायचा नसतो, हे कुणाला जाऊन सांगायचं?

“मी सांगते काकांना,” ती म्हणाली.

“नको,” सिस्टर म्हणाली. “बाळा, नको.”

पण पाहणीवालीला आता राहवत नव्हतं. तिची अवस्थाच अशी होती, की एखादी गोष्ट नुकतीच समजलेली असली की ती बोलली की काम होतं असं वाटावं. ती जिना उतरली. दार उघडंच होतं. टाइमकीपर जेवून उठून हात पुसत होते.

“काका,” ती म्हणाली, “मी नियम मोडून सांगतेय. त्या दिवशी तुमची पाचातली चार उत्तरं चुकली होती. शंभरचे एकशेवीस होत नाहीत, एकशेएकवीस होतात. आणि ही योजना बुडणार आहे. कृपा करून पैसे टाकू नका.”

टाइमकीपरांनी हात पुसायचे थांबवले नाहीत. पुसले, टॉवेल घडी करून दांडीवर टाकला. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, पण आवाज चढला नाही.

“किती शिकलीस?”

“बारावी.”

“पाठ केलेली उत्तरं आहेत तुझी. सतरा लाख कधी एकरकमी पाहिलेस का?” मग त्यांची नजर तिच्या मागे गेली. दारात सिस्टर उभी होती, रिकामी बादली घेऊन. त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि काय जुळवायचं ते मनात जुळवलं. “अच्छा,” ते म्हणाले. “गच्चीवर शाळा भरली होती तर.”

पाहणीवाली म्हणाली, “त्यांनी काही सांगितलं नाही, काका, मीच आले.” जितकं सांगावं तितकं ते जास्त खोटं वाटत होतं.

पुढचं सगळं दोन तासांत झालं, आणि ते तिला नंतर कळलं. टाइमकीपर त्या दिवशी आडवे झाले नाहीत. त्यांनी चेकरला फोन करून लगेच बोलावलं. चेकबुक सिस्टरपुढे ठेवलं. “तुला शंका असेल तर सही करू नकोस,” ते म्हणाले. “नको करूस. मी काही बोलणार नाही.” हे शेवटचे चार शब्द सिस्टरला पुरेसे होते. तिनं सही केली. गुरुवारचं काम मंगळवारी झालं.

सुपरवायझरकडे तक्रार गेली. पाहणीवालीचे पंधरा दिवसांच्या फॉर्मांचे पैसे कापले गेले आणि तिच्याकडून लेखी माफी घेतली. “मी म्हटलं होतं,” तो म्हणाला, आणि त्यालाही ते म्हणताना बरं वाटलं नाही.

पहिले तीन महिने व्याज आलं. पहिल्या तारखेला, टाइमकीपरांना आवडेल असं, अगदी वेळेवर. दर वेळी ते पाहणीवालीला फोनवर खात्याचा फोटो पाठवत. खाली काही लिहीत नसत. दुसऱ्या फोटोनंतर एका दुपारी तिला स्वतःचीच शंका आली. आपलंच चुकलं असेल तर? बारावी शिकलेल्या बाईनं निवृत्त माणसाला असं तोंडावर बोलायला नको होतं. तिसऱ्या फोटोला तिनं ‘अभिनंदन काका’ असं लिहून पाठवलं. चौथ्या महिन्यात फोटो आला नाही. ती वाट बघत राहिली. फोटो यावा असंच तिला वाटत होतं, देवाशपथ वाटत होतं. पाचव्या महिन्यात कंपनीच्या दाराला कुलूप लागल्याची बातमी पेपरात कोपऱ्यात आली. चेकरचे स्वतःचेही त्यात गेले होते, आणि त्याच्या जावयाचे.

सहा महिने पुरे झाले आणि दुसऱ्या फेरीची यादी निघाली. तिनं सुपरवायझरला विनवून पाहिलं, की ते एक घर दुसऱ्या कुणाला द्या. तो म्हणाला, “नियम आहे, तोच माणूस पुन्हा गेला पाहिजे. आणि तक्रार झालेल्या त्या दारात दुसरं कुणी जायला तयार होणार नाही.”

दार सिस्टरनंच उघडलं. गणवेशात होती. एका खासगी नर्सिंग होममध्ये तिनं पुन्हा नोकरी धरली होती, दुपारी दोन ते रात्री दहा. घोटे सुजलेले, चपला एक नंबर मोठ्या घेतलेल्या. “ये,” ती म्हणाली. जणू काल येऊन गेलेल्या माणसाशी बोलावं. “हे मीटिंगला गेलेत. माझं आधी उरकून घे.”

या वेळचा फॉर्म थोडा वेगळा होता. प्रश्न तसलेच पाच, पण ‘माहीत नाही’ ही ओळच काढून टाकलेली. काहीतरी एक निवडावंच लागे. का काढली ते सुपरवायझरनं सांगितलं नव्हतं. सिस्टरनं ऐकलं, आणि एकामागून एक पाचही उत्तरं दिली, वॉर्डात औषधं वाचून दाखवावीत तशी. पाचही बरोबर.

प्रत्येक उत्तरानंतर एक उपप्रश्न होता, की उत्तराची खात्री किती, एक ते सात?

“एक,” सिस्टर म्हणाली. पाचही वेळा.

“सिस्टर, असं का? तुम्हाला तर…”

“सात लिहिलंस तर कुणीतरी विचारेल, मग चेक का दिला.” ती उठली आणि डबा पिशवीत ठेवू लागली. “हा डबा आता हेच भरतात. पहाटे उठून. भाजी अळणी असते, पण भरतात. परवा माझे पाय गरम पाण्यात धरून बसले होते. बोलत मात्र काही नाहीत. चुकलं, असं एकदा म्हणाले असते तर मीच त्यांचं सांत्वन केलं असतं.”

जिन्यात पावलं वाजली. टाइमकीपर आत आले. सहा महिन्यांत सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता, पण इस्त्री कडक होती आणि काखेत नवी फाइल. पाहणीवालीला पाहून ते दारातच क्षणभर थबकले. मग सरळ झाले.

“बरं झालं आलीस,” ते म्हणाले. “कंपनी चांगलीच होती, हे तुला सांगायचं होतं. लोकांनी घाबरून एकदम पैसे मागितले, त्यानं बुडाली. आम्ही ठेवीदारांनी समिती केली आहे. वकील दिलाय. माणशी पाच हजार गोळा करतोय.” त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि तिच्यावर तळहात ठेवला. “सगळ्यांनी मिळून मला खजिनदार केलं.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पाहणीवालीनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर पिशवीची चेन लावत होती. तिनं पर्समधून नोटांच्या दोन घड्या काढल्या, फाइलशेजारी ठेवल्या आणि म्हणाली, “आपल्या दोघांचे. पावती फाडा म्हणजे राहणार नाही.” त्यांनी पावती फाडली. अक्षर पूर्वीसारखंच सुबक होतं, डेपोच्या वहीतलं. पावती तिच्या हातात देताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

पाहणीवालीनं त्यांनाही प्रश्न विचारले. कामच होतं. त्यांनी चार चुकीची उत्तरं दिली, तीच, त्याच आवाजात. खात्री सात. फक्त तिसऱ्याला, सगळे पैसे एका ठिकाणी की वेगवेगळ्या, या प्रश्नाला ते जरा थांबले. खिडकीबाहेर पाहत राहिले. सिस्टर जायच्या तयारीत दाराशी उभी होती, तीही थांबली.

“एकाच,” ते म्हणाले. “लिही.”

तिनं लिहिलं.

दोघी मिळून जिना उतरल्या. सिस्टर कठड्याला धरून, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. बसथांब्यावर ती म्हणाली, “त्या दिवशी तू आली नसतीस तरी हेच झालं असतं. गुरुवारी झालं असतं. मनाला लावून घेऊ नकोस.” पाहणीवालीनं मान हलवली. पण ते खरं की सिस्टर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसं बोलत होती, हे तिला ठरवता आलं नाही. बस आली, सिस्टर मागच्या दारानं चढली, आणि बसायला जागा नव्हती.

त्या आठवड्यात पाहणीवाली स्वतःच्या बँकेत गेली. तिच्या फॉर्मांचे पैसे ज्या खात्यात जमा होत ते नवऱ्याचं आणि तिचं जोडखातं होतं आणि त्यावर नंबर नवऱ्याचा होता. पैसे आले की त्याचा फोन वाजे, मग तो तिला सांगे, “तुझे आले.” काउंटरवरची मुलगी भली होती. म्हणाली, “नंबर बदलता येईल, मॅडम, पण पहिलं नाव त्यांचं आहे. त्यांची सही लागेल. नाहीतर स्वतःचं वेगळं खातं उघडा, पण तुमच्या ऑफिसला तसं कळवावं लागेल, आणि पत्त्याचा पुरावा तुमच्या नावाचा हवा.” पत्त्याचा पुरावाही तिच्या नावाचा नव्हता. तिनं सहीचा कागद घेतला आणि घरी आणला.

नवरा फ्रीजची कसलीशी नळी साफ करत जमिनीवर बसला होता. त्यानं कागद वाचला. तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बोलता आलं असतं.

“माझं काही चुकलं का?” त्यानं विचारलं. “तुझा एक पैसा तरी मी…”

“नाही. तसं काही नाही.”

“मग?”

तिला सिस्टरचं सगळं सांगायचं होतं. गच्ची, खिळा, सात महिने, पाच हजारांच्या दोन घड्या. पण सांगितलं तर तो म्हणणार, मी त्या माणसासारखा आहे का? आणि तो तसा नव्हता. चांगला होता. टाइमकीपरही चांगलेच होते.

“असंच,” ती म्हणाली. “आपलं सोयीचं म्हणून.”

“बरं. रविवारी निवांत बघू,” तो म्हणाला आणि कागद फ्रीजवर ठेवून वर पक्कड ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

रविवारी त्याची बहीण मुलांना घेऊन आली. पुढच्या रविवारी त्याला एका हॉटेलाचं मोठं काम लागलं. तिसऱ्या रविवारी तो दिवसभर घरीच होता, आणि तिनं विचारलं नाही.